लछूसाठी दारावरचा कागद

मोहिनीदादी गेल्याचं मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. सिंधी निर्वासितांच्या कॅम्प चारहून आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या खोलीपर्यंत ती उन्हात चालत आली होती. "टीचर गई," एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसली. मला रडू आलं नाही. आधी भीती वाटली… आता त्या खोलीत कुणी नाही, आणि नेमका आज लछू आला तर?

लछू हा दादींचा धाकटा भाऊ. (सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण; सगळा कॅम्प त्यांना तसंच म्हणायचा.) फाळणीनंतर दादी कराचीहून बोटीनं निघाल्या, तेव्हा तो सामान विकून पुढच्या बोटीनं येणार होता. आला नाही. दादींनी बराकीचा आणि खोलीचा नंबर घालून त्याला एक पत्र पाठवलं. पोचलं असलंच, तर त्याच्याकडे तेवढाच पत्ता.

मी मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले आणि त्यांच्याकडे जाऊ लागले. सिंधमध्ये त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. गोणपाटाच्या आडभिंतीपलीकडे शेजारीण पापड लाटायची, अलीकडे आम्ही दोघी. मी क्रियापद लिहून अडले की म्हणायच्या, "वेट लिहिलं आणि सोडून दिलं? त्याला फॉर दे, बेटी. अकेला कसा बसेल बिचारा?" लुकला ॲट दिलं तर नुसतं पाहणं, फॉर दिलं तर शोधणं, आफ्टर दिलं तर सांभाळणं. पलीकडून आवाज यायचा, "टीचर, हिची शादी करून टाका, सगळं सुटेल!" दादी म्हणायच्या, "आधी पास होऊ दे. मग नवरा घाबरून राहील." दुसऱ्या खेपेला पास झाले, शाळेत नोकरीला लागले, पण तिथलं जाणं सुटलं नाही.

मग बराकीतल्या लोकांना दुसरीकडे हलवणार, अशी बातमी आली. खाकी कपड्यातला शिपाई दिसला की दादींची पेन्सिल थांबायची. "लछू इधरच येईल," म्हणायच्या, "दुसरी जागा त्याला कोण सांगणार?" साऱ्या कॅम्पाचे अर्ज लिहिणाऱ्या बाईला, खोली राहू द्या असा स्वतःचा अर्ज मात्र लिहवेना. म्हणून तो मी लिहिला; सगळे अर्ज सुरू होतात तसाच, 'आय बेग' असा. दादींनी ते खोडून वर लिहिलं, 'आय आस्क फॉर'.

"भीक नाही मागत. खोली मागते."

"दादी, साहेब चिडला तर? निदान रिक्वेस्ट तरी…"

"डर लागला की छोटा शब्द घे. छोटा शब्द कापत नाही," त्या म्हणाल्या. पण आवाज कापत होता.

उत्तर कधीच आलं नाही. होकार नाही, नकार नाही. आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं बदलली. दादी तिथेच राहिल्या, दिवसा कधी कडी न लावता. मी मात्र वर्षानुवर्षं धास्तावलेली. नोटीस आलीच, तर त्या 'रिक्वेस्ट'साठी मी आणखी हट्ट धरला नाही म्हणून, असं वाटायचं.

त्या गेल्यावर आठवड्यानं मी खोली आवरायला गेले. आता तिथे दुसरं कुटुंब येणार. त्यांना विचारून दारावर कागद लावायचं ठरवलं. मला सिंधी लिहिता येत नाही, शेजारणीला तर कुठलंच, म्हणून इंग्रजीत. 'मोहिनी' लिहिलं आणि पुढच्या क्रियापदाशी अडले. डाइड? पास्ड अवे? लेफ्ट? एक लिहावं तर तो दारातच कोसळेल, दुसरं लिहावं तर पुन्हा शोधत सुटेल… शेवटी कागद बदलला. 'लछू, कम टु मी', आणि खाली माझं नाव, अंबरनाथचा पत्ता. सगळे छोटे शब्द.

त्याला आता पंधरा दिवस झाले. आमच्याही दाराला दिवसा कडी लागत नाही. पायरीवर चप्पल वाजली की मला चटकन उठवत नाही… तो आला तर त्याला तोंडानं सांगावं लागेल, आणि तो शब्द मला अजून सापडलेला नाही.