यायले विचारून सांगते

“थांब वं पोरी, यायले विचारून सांगते.” वांग्याची भाजी हवी की भेंडीची, एवढं विचारलं तरी आजींचं हेच. ‘यायले’ म्हणजे ‘यांना’, आणि ‘हे’ म्हणजे नवरा. रेल्वेत होते, जाऊन बरीच वर्षं झालेली. पण तुम्ही संध्याकाळी चौबे कॉलनीतल्या आमच्या वृद्धाश्रमात आला असतात, तर मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली आजी बाकाच्या एका टोकाला बसलेल्या दिसल्या असत्या. दुसरं टोक नवऱ्यासाठी.

मी तिथली नर्स. नवी होते तेव्हा एकदा चुकून त्या टोकावर टेकले. “अवं, मांडीवर बसली ना त्यांच्या!” म्हणत आजी पदरात तोंड लपवून अशा हसल्या, की मीच लाजले.

कुणाला काही त्रास नव्हता. पण मुलानं एकदा आईला असं बोलताना पाहिलं आणि बिचारा हादरला. त्याला मराठी कळतं, बोलतो हिंदीत. डॉक्टरांना म्हणाला, “कोई दवाई दे दीजिए. मैं साइन कर देता हूँ.” वरणात कालवून दिली तरी चालेल, म्हणे! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “भैया, आजी समोर बसल्यात. त्यांना विचारा ना!”

डॉक्टर भला माणूस. आजींजवळ बसून त्यांनी नीट समजावलं. गोळीनं भास कमी होतील, पण सुस्ती येईल, तोलही जाऊ शकतो. आजींनी सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, “मंग हे येणार नाहीत?”

“कदाचित नाही येणार.”

“थांबा. यायले विचारून सांगते.”

त्या संध्याकाळी आजी बाकावर कितीतरी वेळ कुजबुजत होत्या. पिवळं ऊन भिंतीवरून विरत गेलं, दिवे लागले, तरी उठेनात. मी खिडकीतून पाहत होते. खरं सांगते, मलाही ते टोक रिकामं वाटेना.

सकाळी विचारलं, “काय म्हणाले?”

आजींचा चेहरा नव्या नवरीसारखा. “म्हणे, तुह्यं तू ठरव. जन्मात पहिल्यांदा असं बोलले वं!”

“मग?”

“मंग काय! नाही घेत मी गोळी.”

डॉक्टरांनी ते मानलं. मुलगा मात्र रागावून निघून गेला.

थंडीत एका दुपारी आजी झोपेतच गेल्या. मुलगा सामान न्यायला आला. पिशवी उचलली, पण त्याचा पाय निघेना.

“दीदी, आखिर तक बाबा आते थे?”

“हव. रोज.”

तो अंगणाकडे बघत राहिला. मग एवढा मोठा माणूस, अगदी बारीक आवाजात म्हणाला, “मेरे बारे में कुछ पूछते थे?”