केतकीने दिलेला भोपळ्याचा तुकडा

केतकीने एमआरआयची तारीख पुढे ढकलली होती, आणि हे मला माहीत होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे वाक्य लपवून ठेवलं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी: केतकी म्हणजे टोकियोत निशी-कसाईतली माझी शेजारीण. पुण्याची, आयटीतली आणि अ‍ॅनिमेची ठार वेडी.

जपानी शिकली तीच मुळी अ‍ॅनिमे बघून. त्यामुळे कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध घेतानाही जुन्या सरदारासारखी बोलायची. लोक हसायचे, आणि बाई खूश.

नागोयाच्या पुढे डोंगरात एक र्योकान आहे. जुन्या पद्धतीचं, मुक्कामाचं घर. जमिनीवर गाद्या, गरम पाण्याचं कुंड वगैरे. तिथला लाकडी जिना म्हणे तिच्या लाडक्या अ‍ॅनिमेतल्यासारखा हुबेहूब.

सात महिने वेटिंगवर होती. बुकिंग मिळालं ते नेमकं एमआरआयच्या दिवशी.

दोन महिने डोकं दुखत होतं तिचं. डॉक्टर म्हणाले होते, लवकर करून घ्या.

"तीन आठवड्यांत काय मरतेय का मी?" म्हणाली. "आणि मंदारला सांगू नकोस हं. तो ट्रिपच कॅन्सल करेल."

मंदार म्हणजे तिचा नवरा.

मी नाही सांगितलं. खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं.

त्या जिन्यावर तिने मला ढीगभर फोटो काढायला लावले. मधेच भिंत धरून खाली बसली.

"दोन दोन जिने दिसतायत गं."

आणि हसली. मीही हसले, मूर्खासारखी.

संध्याकाळी खोलीतच जेवण आलं. मी शाकाहारी, त्यामुळे माझ्या वाट्याला भात आणि लोणचं. केतकीने तिच्या ताटातला भोपळ्याचा तेंपुरा, म्हणजे तिथलं भजं, चॉपस्टिक्समध्ये उचलला.

"घे, हा तुझा."

मी माझ्या चॉपस्टिक्स पुढे केल्या. तुकडा दोघींनी धरलेला, चार काड्यांत.

ओकामी-सान, म्हणजे तिथल्या सत्तरीच्या मालकीणबाई, चहा ओतत होत्या. त्यांचा हात थांबला.

त्यांनी एक छोटी बशी आमच्या मध्ये ठेवली, मान लववली आणि गेल्या.

"काय चुकलं गं?" मी विचारलं.

"अगं, दहनानंतर इथे घरचे लोक अस्थी अशाच उचलतात. दोघांनी मिळून, चॉपस्टिक्सने. म्हणून जेवताना असं द्यायचं नसतं. अ‍ॅनिमेत शंभरदा पाहिलंय, तरी विसरले बघ."

मग भोपळा स्वतःच खाऊन टाकला. "अपशकुन माझ्या पोटात. तू जेव."

मला जेवण गेलं नाही. तेव्हाच मंदारला फोन करायला हवा होता.

सकाळी ओकामी-सान रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या. वळण येईपर्यंत केतकी मागे बघत होती. "अजून उभ्या आहेत गं," म्हणाली.

एमआरआयची नवी तारीख तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी होती. त्याच आठवड्यात सोमवारी ऑफिसला जाताना केतकी स्टेशनवर कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत संपलं होतं.

तिच्या आईबाबांना व्हिसा वेळेत मिळाला नाही. दहनानंतर तिथल्या माणसाने मंदारच्या हातात चॉपस्टिक्स दिल्या आणि दुसरं कोण, म्हणून विचारलं.

मंदारने माझ्याकडे पाहिलं.

तुकडा पांढरा होता. भोपळ्याच्या फोडीएवढा. आम्ही दोघांनी धरून तो कलशात ठेवला.

चॉपस्टिक्समुळे कुणी मरत नाही, हे मला कळतं. मी तोंड बंद ठेवलं, हेही कळतं.

काल मंदारला सगळं सांगितलं. वाटलं होतं, हाकलून देईल. त्याने हातातला कप खाली ठेवला. म्हणाला,

"एमआरआयच्या नव्या तारखेचं कार्ड पोस्टाने आलं होतं. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी. मी वाचलं होतं."

"मग?"

"इतकी खूश होती. म्हटलं, येऊ दे जाऊन."

त्याला विचारूनच हे लिहितेय. तुम्हाला कुणी 'घरी सांगू नकोस' म्हटलं असेल, तर आजच सांगा. भांडण झालं तर होऊ दे.

केतकी, तू हट्टी होतीस आणि आम्ही दोघं भित्रे निघालो.

माफ कर गं. सुखाने जा.