बरोबरीत सुटलेली कुस्ती

जत्रेत कुस्त्यांच्या फडावर सगळ्यांना फेटे बांधले. सरपंचाला, हेडमास्तरला, जालन्याहून आलेल्या दुसऱ्या वार्ताहराला. माझी पाळी आली तेव्हा जत्रा कमिटीच्या अध्यक्षाने फेटा वरूनच माझ्या हातात सोडला. बोट लागू नये म्हणून.

"तुझा तू बांध."

लोक हसले. मी बांधला. स्वतःच्या हाताने! आजही शरम वाटते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जालन्याच्या एका दैनिकाचा मी क्रीडा वार्ताहर. कुस्ती, कबड्डी, शाळांच्या शर्यती, सगळं मीच लिहायचो. बौद्ध वस्तीतल्या माणसाचं नाव पेपरात छापून येतं, याची मला भारी मिजास होती.

शेवटची कुस्ती आमच्याच वस्तीतल्या सुभाषची, अध्यक्षाच्या पुतण्याशी. माझ्यापासून चार हातांवर. सुभाषने ढाक मारली आणि पुतण्याचे दोन्ही खांदे मातीला टेकले. मी स्वच्छ पाहिलं. पंचाने आधी अध्यक्षाकडे पाहिलं, मग दोघांचे हात वर केले.

अध्यक्ष माझ्याकडे वळला. "बरोबरीत सुटली म्हून लिही. फेटा घेतला नं?"

लिहिलं. पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे दिलं, तेव्हा बातमी अशीच जायची. गाडी सुटायला वेळ होता. पाकीट परत मागता आलं असतं. मी चहा पीत उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी सुभाष पेपर घेऊन दारात आला. ओरडला नाही.

"तू तं म्होरंच बसेल व्हता ना?"

त्यानंतर तो मातीत उतरलाच नाही. मोंढ्यात पोती उचलू लागला. मी कुठल्याही फडावर बसलो की हलगीच्या आवाजात मला त्याचं तेवढंच वाक्य ऐकू येतं.

पुढच्या वर्षी अध्यक्षाने पुन्हा फेटा वरून सोडला. मी हात मागे घेतले. फेटा मातीत पडला.

"उचल."

"न्हाई उचलत."

या वेळी कुणी हसलं नाही.

त्या दिवशीच्या बातमीखाली मी तीन ओळी लिहिल्या. गेल्या वर्षीची शेवटची कुस्ती सुभाषने जिंकली होती. आलेली बातमी खोटी होती. ती मी लिहिली होती.

संपादकांनी तेवढंच कापलं. पुढच्या साली मी पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा कापलं. पाकीट जाऊन फॅक्स आला. दर जत्रेला त्या तीन ओळी जातात.

यंदा संपादक म्हणाले, "सोडा आता. तो सुभाषही राहिला नाही."

मी आहे ना. छापून येईपर्यंत पाठवणार.