ताईची रजा

हॉस्पिटलच्या धुलाईघरात आम्ही सगळ्याजणी तिला ताई म्हणतो. वयाने मोठी, पण स्वभाव इतका मऊ की कुणीही यावं आणि टपली मारून जावं.

आमच्या रजा आता साहेब ठरवत नाहीत. प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये एकेक एआय मदतनीस बसवलाय, ते आपसात बोलून ठरवतात. कोण अडून बसेल, कोण नमतं घेईल, याचा प्रत्येक जण अंदाज घेतो. माझं भांडखोरपण त्या मेल्यांनी केव्हाच ओळखलंय, त्यामुळे माझ्या वाटेला कुणी जात नाही. ताईलाही ओळखलंय. तिने रजा मागितली की बाकीचे नुसते थांबून राहतात, आणि तिचा स्वतःचा मदतनीस तिला न विचारताच माघार घेतो. विचारलं असतं तरी तिने सोडलीच असती, असा त्याचा हिशेब.

गुरुवारी ताईच्या मुलीचं पोटाचं ऑपरेशन होतं. ताईने सोमवारीच त्या दिवसाची रजा मागितली. दुपारी बघते तर तो दिवस मला मिळालेला. मीही तोच मागितला होता, पण मला फक्त घराला रंग काढायचा होता.

"अगं, सोडलीस कशाला?" मी विचारलं.

"मी कुठे सोडली? त्याला बजावलं होतं, या वेळी हटू नकोस. त्याला वाटलं, ही नुसतीच बोलतेय." ओल्या चादरी वाळवणाच्या यंत्रात कोंबत ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. तडक साहेबांकडे गेले. ते म्हणाले, असं बदलता येत नाही. म्हटलं, मग हाताने बदला. ताईची रजा मंजूर करून घेऊनच बाहेर पडले.

ताईने हात पुसले आणि तिथूनच लेकीला फोन लावला, यंत्रांच्या घरघरीत ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. "गुरुवारी मी येतेय गं."

लेक म्हणाली, "आई, तू येणार नाहीस असं धरूनच मी सासूबाईंचं नाव दिलं. जवळ एकालाच थांबू देतात. आता त्यांना नको कसं म्हणू?"

मी हातवारे करत होते, भांड, नाव बदलायला लाव. ताईने मान फिरवली. मला तिचा इतका राग आला की रडूच फुटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याच थांबू देत."

गुरुवारी सकाळी ताई कामावर हजर. रजा मंजूर होती, तरी त्या पाळीत मदतनीसांनी तिच्या जागी कुणालाच लावलेलं नव्हतं. ही येणारच, असा त्यांचा हिशेब.