कॅमेऱ्यावरची झडप

लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्यावर, नखाएवढी एक झडप असते, हे मला काल दुकानात कळलं. लेकीने ती बोटाने सरकवली आणि पडद्यावर दिसणाऱ्या आम्ही दोघी नाहीशा झालो. पुन्हा सरकवली, परत आलो.

"हे भारी आहे," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती आर्किटेक्चरला चालली आहे, परगावी, हॉस्टेलवर. "काय काम असणार यावर?" असं सेल्समनने तिला विचारलं होतं. उत्तर मी दिलं, "कॅमेरा चांगला हवा. रोज बोलायचंय." तिच्या ड्रॉइंगसाठी काय लागतं, ते तिला बोलूच दिलं नाही.

मी हॉस्टेलवर होते तेव्हा रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन करायचे. "जेवलीस का?" "हो." एवढ्यावर आई खूश. उरलेला आठवडा माझा असायचा. त्यात मी चुकले, रडले, कधी नुसत्या बिस्किटांवर झोपले आणि आईला पत्ता लागू न देता सगळं निस्तरलंही. आता लेकीचे तसे सगळेच दिवस मी मागून घेत होते, तेही लॅपटॉप घेऊन देते आहे म्हणून.

लाज वाटली. "तिला हवा तो दाखवा," मी म्हटलं. तिने तिच्या कामाचा निवडला. झडप त्यालाही होतीच.

रिक्षात खोका तिच्या मांडीवर होता. काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सिग्नलला रिक्षा थांबली आणि तोंडून निघालंच, "जेवताना तरी ती झडप उघडशील ना गं?"