बिननालाची मैना

घोड्यांच्या बाबतीत महिपतीला माहीत नाही असं काही नव्हतं. चुकून एखादी गोष्ट माहीत नसलीच, तर तो ती उभ्या उभ्या तयार करून सांगत असे. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, त्याचं पत्र्याचं छप्पर होतं. एके काळी त्याच्याभोवती घरची ज्वारी डोलत असे. आता तिथे सात मजली इमारत उभी होती. तिचं नाव होतं ‘हरित बन’, आणि आवारातली एकमेव हिरवी वस्तू म्हणजे फाटकाचा रंग. जमीन गेली, पण छप्पर आणि त्यातली मैना महिपतीने सोडली नाही.

मैना म्हणजे त्याची वरातीची घोडी. पांढरीशुभ्र, लांब पापण्यांची, आणि स्वभावाने थेट बायडाबाईसारखी. हे शेवटचं महिपती म्हणत असे, अर्थात बायको ऐकण्याच्या अंतरावर नसताना.

पूर्वी वराती वैशाखात असत. मग पुण्यात संगणक आले आणि लग्नाला मुहूर्तापेक्षा रजा महत्त्वाची झाली. नवरदेव तीन आठवड्यांसाठी अमेरिकेहून येत आणि मुलगी पाहण्यापासून व्हिसापर्यंत सगळं उरकून परत जात. प्रत्येक वरातीत मैनेला ओवाळून काहीतरी गोड भरवलं जाई. आधी तो गुळाचा खडा असे. पगार वाढले तसा खड्याचा पेढा झाला, पेढ्याची काजूकतली झाली. इमारतीतली पोरं वाढदिवसाचा केक आणत. शिवाय घरचे भिजवलेले हरभरे आणि गूळ सकाळ-संध्याकाळ होताच.

“लक्ष्मी हाय ती,” महिपती सांगे. “खाणाऱ्या लक्ष्मीला नाही म्हणू नये.”

लक्ष्मी खात राहिली. तिची मान जाडजूड झाली, तर महिपती म्हणाला, हे खानदानी लक्षण.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात एका सकाळी मैना जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब ताणून, सगळा भार मागे टाकून ती उभी होती, जसं काही समोर तापला तवा ठेवलाय आणि त्यावर पाय द्यायचाय. महिपतीने नालबंद दशरथला बोलावलं. दशरथचा हात तीस वर्षांचा. त्याने जुने नाल काढून त्याहून जाड ठोकले. दुसऱ्या दिवशी मैना आडवी झाली.

“आण्णा,” दशरथ टोपी काढून म्हणाला, “हिचं संपलं. देऊन टाका कुणाला.”

लंगडी घोडी शेवटी कसायाच्याच दारी जाते, हे दोघांनाही ठाऊक होतं. बायडाबाई मैनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. महिपती पत्र्याला टेकून उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला घोड्याविषयी काही सुचेना.

“अवो, तोंड मिटून काय उभं ऱ्हायलाव?” बायडाबाई म्हणाली. “डाक्टर आना!”

डॉक्टर आली ती स्कूटीवरून. डॉ. प्रियदर्शनी, मूळची अकोल्याची, वय एकोणतीस, अंगाने एवढीशी, की महिपतीने आधी तिच्या मागे कुणी मोठा डॉक्टर येतोय का ते पाहिलं. तिने मैनेच्या खुरावर तळवा टेकवला, घोट्यामागे बोटाने नाडी पाहिली, मग महिपतीचा हात धरून तिथेच ठेवला.

“गरम आहे?”

“तवा हाय, ताई.”

“आणि हे कंगोरे पाहिले? खुरावर एकाखाली एक? दरवेळी थोडं दुखलंय, काका. तिने सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही.” मग ती समजावून सांगू लागली. “रोग पायात दिसतो, पण शिरला पोटातून. गोड आणि धान्य. नखाखालचं मांस सुजलं तर आपण ओरडतो ना? हिचं तसंच झालंय. खूर आतल्या हाडाला घट्ट धरून असतो, ती पकड सुटत चालली आहे. आणि त्याच खुरात तुम्ही वरून खिळे मारले.”

दशरथ टोपीकडे पाहू लागला.

“नाल काढा,” डॉक्टर म्हणाली.

“बिननालाची घोडी?” महिपती उसळला. “ताई, मंजी बिनचपलेचा नवरदेव की वो!”

“नवरदेवाच्या चपला मेव्हण्या पळवतातच, काका. लग्न थांबतं का?”

नाल निघाले. हुकूम मिळाले: धान्य बंद, गूळ बंद, हिरवा चारा बंद. फक्त वाळकं गवत, तेही तासभर पाण्यात भिजवून, पाणी ओतून देऊन, म्हणजे त्यातली साखरही जाते. दर चार आठवड्यांनी कानशीने खूर घासायचे. आणि दुखणं उतरेपर्यंत पायाखाली मऊ थर्माकोल बांधायचा.

थर्माकोलसाठी महिपती बुधवार पेठेत गेला. टीव्हीच्या दुकानदाराने पेपरातून डोकं वर काढलं नाही.

“कुठला दाखवू?”

“टीव्ही नको. त्याच्या खोक्यातला थर्माकोल द्या.”

“मग टीव्ही आम्ही कशात घालून विकायचा? गोधडीत?”

“घोडीला सपाता करायच्यात.”

आता डोकं वर आलं. “मापाला घोडी आणलीत का?”

पण माणूस आतून चांगला होता. त्याने चार मोठे तुकडे दिले, वर चिकटपट्टीही दिली. मैनेने थर्माकोलवर पाय ठेवला आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मोठा सुस्कारा सोडला. महिपतीने तो साऱ्या गल्लीला करून दाखवला.

आठ दिवसांनी डॉक्टर पुन्हा आली. खूर अजून गरमच.

“धान्य देत नाही ना, काका?”

“एक दाना न्हाई! कडक उपास.”

“गूळ?”

महिपतीने बायडाबाईकडे पाहिलं. बायडाबाईला आयुष्यात खोटं जमलं नव्हतं. ती आत गेली आणि टोपलंच घेऊन आली. त्यात राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी, खजूर आणि चार केळी होती.

“फकस्त उपासाचंच देतोय, बाई.”

“अहो, तुम्ही काय करून राहिले, काका?”

“धान्य बंद म्हनला तुमी,” महिपती ताठ होऊन म्हणाला. “राजगिरा धान्य हाय का? इचारा कुनालाबी!”

हसू आवरेना म्हणून डॉक्टर पेंढीवर बसली. डोळे पुसून म्हणाली, “देवाला चालतो, मैनेच्या खुराला नाही चालत. काका, असंच चाललं ना, तर पुढच्या महिन्यात मी इलाज करायला नाही, तिला कायमची झोपवायला येईन.”

हे ती हसत बोलली नाही. महिपती उठला. लाडू त्याने इमारतीतल्या पोरांना वाटून टाकले, गुळाचा डबा बायडाबाईच्या हवाली केला आणि छपराच्या दारात स्टूल टाकून बसला. केक घेऊन पहिली पोरगी आली तेव्हा त्याने हात आडवा केला.

“तिला शुगर हाय.”

विश्रांतवाडीत या शब्दाला आणखी स्पष्टीकरण लागलं नाही. घरटी एक शुगरवाला होताच. सायंकाळी निवृत्त मंडळी फिरता फिरता मैनेची चौकशी करू लागली. एकाने मेथीचं पाणी सुचवलं, दुसऱ्याने आपला रिपोर्ट तिच्यासमोर वाचला. मैना भिजवलेलं गवत चघळत ऐकून घेई.

दशरथ मात्र कुरकुरत होता. “तीस वर्सं खिळं मारलं, आता नुसतं घासायचं? मी नालबंद हाय का पार्लरवाली?” पण हात खरा कसबी. डॉक्टरने दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा तो तिला दाखवू लागला. खुराचा पुढे आलेला टोकाचा भाग तो इतक्या हळुवारपणे मागे आणी, की मैना उभ्या उभ्या डुलकी घेई. वरून नवा खूर येऊ लागला, गुळगुळीत, बिनकंगोऱ्याचा. महिपती दर आठवड्याला काडीपेटीतल्या काडीने तो मापे. महिन्याला अर्धी काडीही भरेना.

इलाजाच्या पाचव्या महिन्यात रविराज आला. इमारतीतला चौथ्या मजल्यावरचा, हिंजवडीला नोकरी. “काका, डिसेंबरमध्ये लग्न. मैनाच पाहिजे हं. चालते की आता मस्त!”

“मऊ मातीवर चालतीया. डांबरावर न्हाई.”

“एक पेनकिलरचं इंजेक्शन द्या ना. दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

पूर्वीचा महिपती असता तर ‘फिकीर करू नका’ म्हणाला असता. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते. “तुझे दोन तास, पोरा,” तो म्हणाला, “आन् तिचं चार पाय. गाडीतनं जा. गाडीला दुखत न्हाई.”

रविराज फुलांच्या गाडीतून गेला. महिपती दारातून वरात बघत होता. ताशा ऐकून मैना कान टवकारून पाय आपटू लागली, तेव्हा तो आत गेला आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. मान बारीक झाली होती.

दहाव्या महिन्यात डॉक्टरने सगळे खूर तपासले, ठोकून पाहिले. “मऊ जमिनीवर कुणीही चालतं, काका. खडीवर चालली तर बरी झाली म्हणेन.”

खडीला तोटा नव्हता. रस्तारुंदीसाठी कुणीतरी ती गल्लीच्या तोंडाशी पसरून ठेवली होती आणि पुढचं विसरून गेलं होतं. महिपतीने दोर धरला. दशरथ, बायडाबाई आणि शुगरवाली मंडळी कडेने उभी राहिली. मैना खडीपाशी थांबली. तिने हुंगलं. डावा पाय उचलला आणि तसाच धरला.

पाय खाली आला. मग दुसरा. कान मागे नाहीत, मान खाली नाही. चार पावलं, आठ पावलं, बिनखिळ्याचा गच्च आवाज. मग मैनेने फुरफुर केलं, मानेला एक हिसडा दिला आणि दोर महिपतीच्या हातातून सुटला.

“अगं ए भवाने!”

ती दुडक्या चालीने खडी पार करून सरळ आळंदी रस्त्याच्या दिशेने निघाली. महिपती मागे धावला. दहा पावलांवर चपलेचा अंगठा तुटला, चप्पल मागे राहिली, आणि अनवाणी पाय टोकदार खडीवर पडला. तो एका पायावर नाचू लागला. मैना वळणावर थांबली, मागे वळून पाहू लागली.

“बाई,” बायडाबाई डॉक्टरला म्हणाली, “घोडीचं झालं. आता ह्येंचं बघा.”

महिपती लंगडत, हसत, शिव्या देत पुढे गेला. मैना त्याच्यासाठी थांबूनच होती.