विंगची उष्टी हळद

"विंग काढा. जुनी लावा," डग म्हणाला आणि माझ्या अकरा महिन्यांच्या कामाचा चार शब्दांत निकाल लागला.

डग म्हणजे आमचा टेक्निकल डायरेक्टर. आमची टीम ग्रांप्री रेसची गाडी बनवते आणि मी तिथे एअरोडायनॅमिक्स बघते. म्हणजे हवा गाडीवरून नीट जाते की नाही, एवढंच. लोकांना वाटतं मी ती गाडी चालवते. मी मॉलच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेतानाही घाबरते.

पुढची विंग गाडीचं नाक हवेच्या जोरावर रस्त्याला दाबून धरते. माझी नवी विंग विंड टनेलच्या कृत्रिम वाऱ्यात गुणी बाळासारखी वागत होती. टेक्सासच्या रेसला आलो आणि शुक्रवारी सकाळच्या प्रॅक्टिसमध्ये तिने रंग दाखवले. ड्रायव्हर म्हणाला, वळणावर नाक घसरतंय.

"डग, फ्लो-व्हिज करू. मग ठरव," मी म्हटलं.

"दुपारच्या सेशनमध्ये एक लॅप देतो. दिसलं नाही काही तर जुनी."

फ्लो-व्हिज म्हणजे पातळ तेलात कालवलेली चमकदार रंगाची पूड. ती विंगला फासायची आणि गाडीने एक चक्कर मारायची. हवा जशी जाते तसे ओघळ उमटतात. सरळ रेघा म्हणजे हवा विंगला धरून गेली. डबकं म्हणजे हवा रुसली.

पुडीचा बॉक्स उघडला. आत टीमच्या टोप्या होत्या. पूड पुढच्या रेसच्या देशात जाऊन पोचली होती. शेजारच्या टीमकडे मागू का, विचारलं, तर डग म्हणाला, "त्यांच्याकडे? त्यापेक्षा मी गाडीच विकतो."

मला रडू येत होतं, खरं सांगते. पण रडता रडता आठवलं, की हिवाळ्यात माझ्या डब्यातली आमटी वर्कशॉपमध्ये सांडली होती. सुट्या भागांना तडे गेलेत का, हे बघायला तिथे जांभळा दिवा असतो. त्याखाली ती आमटी अशी चमकली, की डगने मला ईमेल लिहून झापलं होतं. चमकली होती ती हळद.

आणि मी उतरले होते शोभाकाकूंकडे, ट्रॅकपासून वीस मिनिटांवर. त्यांच्या मुलाचं, ओंकारचं, पुढच्या आठवड्यात लग्न होतं. लगेच फोन लावला.

"काकू, लग्नाची हळद आहे ना?"

"आहे की, तीन किलो. का गं, घसा बसला?"

"विंगला लावायचीय."

"कोण विंग?"

समजावलं. काकू म्हणाल्या, "अगं, हळद आधी नवरदेवाला लागते. त्याची उरलेली, उष्टी, ती नवरीला. तू मध्येच गाडी कुठे घुसवतेस?"

"काकू, माझी नोकरी."

पाऊण तासात काकू गेटवर हजर. हातात स्टीलचा डबा आणि जुनी मलमलची ओढणी. गार्डने विचारलं, "मॅम, ही कसली पावडर?" काकूंनी उत्तरादाखल त्याच्या कपाळाला बोट लावलं. त्याने गेट उघडलं.

काकूंच्या कारच्या बॉनेटवर बसून आम्ही हळद ओढणीतून गाळली. मग ती तेलात कालवली. डगने वाकून पाहिलं. "पार्टिकल साइझ काय?"

"वस्त्रगाळ."

"हा स्पेक आहे?"

"फार जुना आहे," मी म्हटलं. त्याने वहीत लिहून घेतलं.

विंगला हळद लागली. गाडी चक्कर मारून आली. सगळे गुडघ्यावर बसलो. डावीकडे रेघा कशा, तर कंगव्याने भांग पाडल्यासारख्या. उजवीकडे मात्र पिवळं डबकं.

विंगच्या दोन्ही टोकांना हाताच्या पंजाएवढी एकेक पट्टी असते. उजवीकडची पट्टी उलटी बसली होती.

"ही कोणी बसवली?" डग ओरडला.

मेकॅनिक टायलर बुटांकडे बघू लागला. "सकाळी घाई होती, बॉस. तुम्हीच म्हणालात, सरका, मी करतो."

दोन स्क्रू काढले, पट्टी सुलटी केली. विंग गाडीवर राहिली. रविवारी आम्ही आठवे आलो. आमच्यासारख्या टीमला तो सणच. हळद मात्र पांढऱ्या नाकावरून निघेना. साबण झाला, थिनर झाला. टीव्हीवरच्या कॉमेंटेटरने आमच्या नव्या रंगसंगतीचं कौतुक केलं. आता आमच्या चेकलिस्टमध्ये "वस्त्रगाळ" असा शब्द आहे आणि परचेसवाले मला विचारतात, ही कंपनी कुठली.

पुढच्या शनिवारी ओंकारच्या हळदीला डग आला. काकूंनी तोच डबा पुढे केला. "विंगची उष्टी आहे, पण शुभ निघाली." डगने ओंकारच्या दोन्ही गालांना हळद लावली, मागे सरकला, डोळे बारीक केले. "डावा ओके. उजव्या गालावर हवा रुसलीय."

या सगळ्यातून मी एकच शिकले. पार्ट खराब आहे म्हणण्याआधी तो नीट बसवलाय का ते बघावं. काकूंना तसं म्हटलं. त्या मांडवात हसत उभ्या असलेल्या, त्यांनी स्वतःच शोधून आणलेल्या होणाऱ्या सुनेकडे बघत होत्या.

"आणि बसवला कोणी, तेही," त्या म्हणाल्या.